पांढऱ्या रेघेवरच्या तीन गाड्या

माझ्या वडिलांची नोकरी मशीननं घ्यावी म्हणून मी जिवाचं रान केलं होतं. असं सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग विषय बदलतो. लेकीनं बापाच्याच पोटावर पाय आणला, अशी गोष्ट त्याच्या डोक्यात तयार झालेली असते. ती साफ चुकीची आहे. मशीननं ती नोकरी घेतली असती तर माझे आबा आणखी काही वर्षं जगले असते. मशीनला ती घेता आली नाही, हे माझं दुखणं आहे.

आबा कोल्हापूरजवळ शिरोलीच्या बाजूला एका फौंड्रीत बॅटरीवरची ट्रॉली चालवायचे. फौंड्रीत लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओततात. आतून पोकळ हवा असलेल्या भागासाठी साच्यात वाळूचाच एक भाजलेला ठोकळा बसवतात, त्याला कोअर म्हणतात. कोअर खारी बिस्किटासारखी ठिसूळ. त्या एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये न फोडता न्यायच्या, हे आबांचं काम. वाट नेमकी साचे फोडायच्या जागेजवळून जायची. गरम साचा फुटला की वाळूची बारीक धूळ उडायची आणि ती पाळीभर खाली बसायची नाही. आबा त्या धुळीतून दिवसभर ये-जा करायचे. तोंडाला टॉवेल बांधायचे, पण टॉवेल काय करणार!

घरी आले की ते टॉवेल दारातच झटकायचे. आई न्हाणीत पाणी काढता काढता विचारायची, "बरं हाय न्हवं?" आबा म्हणायचे, "बरा हाय." एवढ्यावर संपलं. खोकल्याची उबळ आली तर ते परसात जाऊन खोकायचे आणि परत येऊन पुन्हा बरा हाय म्हणायचे. आमच्या घरात माणसानं बरा आहे म्हटलं की तो बरा असायचा. उलटतपासणी घ्यायची पद्धत आमच्याकडे नव्हती.

मी इंजिनिअरिंगला गेले तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं. आमच्या वस्तीतून त्या शाखेला गेलेली मी पहिली मुलगी, त्यामुळे आबांच्या ट्रॉलीच्या वाटेवरच्या प्रत्येक माणसाला माझे मार्क ठाऊक होते. पास झाल्यावर मी उद्यमनगरात एका सरांच्या वर्कशॉपमध्ये लागले. सर आधी कॉलेजात शिकवायचे. मग नोकरी सोडून त्यांनी शेतीपंपाचे स्टार्टर बनवायला सुरुवात केली होती. पोटासाठी स्टार्टर आणि मनासाठी मायक्रोकंट्रोलर, म्हणजे नखाएवढ्या चिपमधला कॉम्प्युटर, असा त्यांचा संसार होता.

त्याच सुमारास मी आबांना दवाखान्यात नेलं. सरळ सांगून आले नसते, म्हणून मलाच तपासायचंय असं सांगून नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की फुप्फुसात वाळू बसलीय. जे गेलं ते परत येणार नाही, पण त्यांना धुळीतून बाहेर काढलंत तर पुढचं वाचेल. बाहेर येऊन मी आबांना सगळं सांगितलं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि आईला यातलं काही सांगायचं नाही एवढंच म्हणाले.

धुळीतून बाहेर काढा म्हणणं सोपं असतं. आबांना दुसरं काम येत नव्हतं आणि त्या वयात नवीन ठिकाणी कुणी घेतलं नसतं. फौंड्रीचे मालक परदेशात कुठलंसं प्रदर्शन बघून आले आणि त्यांच्या डोक्यात ड्रायव्हरशिवाय चालणाऱ्या ट्रॉल्या भरल्या, हे आमचं नशीब. बाहेरून आणायचं तर परवडणार नाही, म्हणून ते सरांकडे आले. तीन गाड्या करायच्या ठरल्या. तीन गाड्या म्हणजे सतत चार्जिंग, म्हणजे बॅटऱ्या बघायला एक कायमचा माणूस. मालकांनी आबांना स्वतः बोलावून सांगितलं, गाड्या चालू झाल्या की चार्जिंगची खोली तुमची.

ती खोली गेटजवळ होती. तिला बंद होणारं दार होतं आणि पलीकडच्या उसाकडे उघडणारी खिडकी होती. धुळीचा कण नाही. आबांनी एका दुपारी तिथं जाऊन टोपी अडकवायला भिंतीत खिळा ठोकून ठेवला. अजून एकही गाडी बनलेली नव्हती.

मी त्या खिळ्यासाठी काम केलं. दुसऱ्या कुठल्या शब्दात हे मला सांगता येत नाही.

गाड्यांचं तंत्र सरांचं होतं. एक मोठा कॉम्प्युटर ऑफिसात बसवायचा आणि त्यानं तिन्ही गाड्यांना हुकूम सोडायचे, असं मालकांना वाटत होतं. सरांनी ते मोडीत काढलं. वीज दिवसातून कितीदा जाते, धूळ केवढी, तो एक कॉम्प्युटर बसला की सगळंच बसणार. त्यापेक्षा प्रत्येक गाडीच्या पोटात तिचा तिचा छोटा मेंदू ठेवू. जमिनीवर पांढऱ्या रंगाची रेघ मारू. गाडीच्या खालच्या डोळ्यानं ती रेघ बघत चालायचं. वळणांवर आडव्या पट्ट्या मारू, त्या मोजल्या की आपण कुठं आहोत ते गाडीला कळेल. आणि प्रत्येक गाडीनं बाकीच्या दोघींना रेडिओवरून सतत सांगत राहायचं, मी अमक्या वळणावर आहे. ते ऐकून ज्या त्या गाडीनं थांबायचं की निघायचं हे ठरवायचं. एखादी गप्प झाली तर बाकीच्यांनी जागेवर थांबायचं.

मालकांनी विचारलं, "म्हंजे मुकादमच न्हाय?" सर म्हणाले, नाही. मालक म्हणाले, "मग भांडणं हुणार."

भांडणं झाली नाहीत. महिनोन्महिने आम्ही त्या गाड्या चालवल्या. सुरुवातीला त्या, रेघा एकमेकींना छेदायच्या त्या चौकात, एकमेकींना वाट देत उभ्याच राहायच्या, लग्नाच्या पंगतीत "तुम्ही बसा, तुम्ही बसा" करणाऱ्या पावण्यांसारख्या. ते सुधारलं. रेडिओत वेल्डिंगचा गोंगाट घुसायचा, तेही सुधारलं. आबा पाळी संपली की थांबून बघायचे आणि जाताना बॅटऱ्या चार्जिंगला लावायचे. रिकाम्या गाड्या रेघेवरून जाताना त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी लहानपणी एकदाच पाहिलं होतं, माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा. घरी जाताना ते सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालायचे. चढ नसला तरी.

मग खंडेनवमी आली.

फौंड्रीत खंडेनवमीला यंत्रं बंद. धुऊन पुसून, झेंडूच्या माळा घालून त्यांची पूजा. तिथली एक रीत होती, कामगारांच्या घरच्या बायका त्या दिवशी यायच्या आणि प्रत्येकीनं आपल्या नवऱ्याच्या मशीनपुढं रांगोळी काढायची. आई जायची नाही. आजोबांच्या पिढीनं धर्म बदलला तेव्हापासून आमच्या घरात खंडेनवमी नव्हती, हे एक कारण. दुसरं कारण आई सांगायची नाही, पण मला ठाऊक होतं. लग्न झाल्याच्या वर्षी ती एकदा गेली होती, आणि हळदीकुंकवाचं ताट तिच्या शेजारणीपर्यंत येऊन तिला ओलांडून पुढं गेलं होतं. त्यावर तिनं कानाला खडा लावला.

त्या वर्षी मात्र ती म्हणाली, मी येणार. पूजेसाठी नाही. लेकीच्या मशीनपुढं रांगोळी काढायला. आमच्या वस्तीत बुद्धपौर्णिमेला आईचं कमळ बघायला लोक यायचे. बोटातून सुटलेली तिची रेघ दोऱ्यासारखी बारीक आणि पांढरी शुभ्र. आबांनी तिला सायकलवर मागं बसवून आणलं. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं.

मालकांकडे त्या दिवशी पाहुणे होते आणि सगळ्यांची कुटुंबं जमली होती. त्यांना एकदम हुरूप आला. म्हणाले, गाड्या चालवून दाखवा. सर म्हणाले, आज यंत्रं बंद असतात, दसऱ्याच्या मुहूर्तावर दाखवू. मालक ऐकेनात. गाड्यांवर कोअरची खोकी चढवली. मी शेडच्या पार त्या टोकाला होते, तिथल्या दोन गाड्या सुरू करायला. पहिली गाडी आईजवळ उभी होती. तिच्यापुढची जमीन मला तिथून दिसत नव्हती.

आईनं काय केलं होतं ते मला नंतर कळलं. गाडीच्या पुढ्यात एक पांढरी रेघ नुसतीच पुढं गेलेली तिला दिसली. ती तिला उघडी-बोडकी वाटली असणार. तिनं त्या रेघेचा देठ केला आणि देठाच्या अंगानं, रेघेला जोडून, मोठं कमळ काढलं. फार सुंदर कमळ होतं म्हणतात.

पहिली गाडी निघाली, देठावरून चढली आणि कमळात शिरली. पाकळीच्या कडेनं वळली, दुसरी पाकळी धरली, तिसरी धरली. बायकांना वाटलं, गाडी प्रदक्षिणा घालतेय. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी हात जोडले. लांबून मलाही टाळ्या ऐकू आल्या आणि मी वेड्यासारखी हसले. जिथं पाकळीवरून पाकळीची रेघ जात होती तिथं गाडीला आडवी पट्टी दिसत होती. ती पट्ट्या मोजत गेली. मोजता मोजता तिच्या हिशेबानं ती चौक ओलांडून पलीकडच्या शेडमध्ये पोचली, आणि तिनं बाकीच्या दोघींना तसं कळवलं. चौक मोकळा आहे.

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरोखरच तसं वाटत होतं. आणि दुसऱ्या दोघींनी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला, कारण विश्वास ठेवायचा असंच आम्ही त्यांना शिकवलं होतं. थांबलेल्या दोन्ही गाड्या एकामागोमाग निघाल्या. एवढ्यात पहिली कमळातून बाहेर पडून पुन्हा खऱ्या रेघेला लागली आणि चौकात आली. तिथं तिघी एकमेकींवर आदळल्या. खोकी कोसळली. कोअरचा भुगा झाला. एक खोकं घसरत पूजेच्या चौरंगाला लागलं आणि कलशावरचा नारळ खाली पडला. माणसांना काही लागलं नाही.

मी धावत गेले तेव्हा सगळे चौकाकडे पळत होते. आबा उलट्या दिशेला गेले होते. त्यांनी कुठूनसं गोणपाट उचललं होतं आणि वाकून ते जमीन पुसत होते. कमळाचा अर्धा भाग गेला होता. उरलेल्या पाकळ्यांच्या कडेकडेनं गाडीच्या चाकांचे ठसे उमटले होते. मला एका नजरेत सगळं कळलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि उरलेलं पण पुसलं.

मालक आले. काय झालं म्हणून सरांना विचारू लागले. सरांनीही जमिनीकडे बघितलं होतं, ते तोंड उघडणार एवढ्यात आबा पुढं झाले.

"मालक, बॅटरी उतरली," ते म्हणाले. "माझी चूक हाय. काल चार्जिंगला लावायची राहिली."

सकाळी मी स्वतः मीटर लावून बघितलं होतं. बॅटऱ्या काठोकाठ भरलेल्या होत्या. मी बोलणार होते. आबांनी मान अगदी थोडी हलवली. मालक रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "मग त्या खोलीत तुमास्नी कसं बसवू, सांगा की."

आबा गोणपाटाची घडी घालत राहिले.

घरी पोचल्यावर आई पाणी आणायला गेली तेव्हा मी आबांवर तुटून पडले. म्हटलं, एका वाक्यात सांगता आलं असतं. मशीनचा दोष नाही, रांगोळी रेघेला चिकटली, उद्या पुसून पुन्हा चालवू. मालकांना पटलं असतं. तुम्ही स्वतःच्या हातानं स्वतःची खोली घालवली.

आबा पायरीवर बसले होते. म्हणाले, "मालकाला पटलं असतं. बाकीच्यांचं काय? ह्यांच्या बाईची रांगोळी लागली आन् नारळ पडला, हे त्या शेडात जलमभर चघळलं असतं. तुजी आई एकदा ताटावरनं परत आल्ती. पुन्यांदा न्हाय यायची." मग थोडं खोकून म्हणाले, "झाकली मूठ ऱ्हाऊ दे. तिला यातलं कळता कामा न्हाय."

मला त्यांचा राग आला होता आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसंही वाटत होतं. आत जाऊन चहा ठेवला.

सर नंतर मालकांना भेटायला गेले. आबांनी शपथ घातली होती म्हणून रांगोळीचं नाव न काढता जेवढं सांगता येईल तेवढं सांगून आले. मालक म्हणाले, दिवाळीनंतर बघू. पण दिवाळीपर्यंत शेडमध्ये कारण ठरून गेलं होतं. खंडेनवमीला यंत्र चालवलं, यंत्रानं उत्तर दिलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असं म्हणणारा एकही माणूस तिथं नव्हता. त्या कारणापुढं आमच्या मायक्रोकंट्रोलरची काय टाप! गाड्यांवर प्लॅस्टिक टाकलं गेलं. सर पुन्हा स्टार्टरकडे वळले. चार्जिंगच्या खोलीत फावडी आणि रंगाचे डबे ठेवायला लागले. खिळा तसाच होता, आबा सांगायचे. त्याला कुणीतरी तारेचं भेंडोळं अडकवलं होतं.

आबा जुन्या ट्रॉलीवर परत गेले. धुळीतून जायचे, धुळीतून यायचे. आई विचारायची, बरं हाय न्हवं. ते म्हणायचे, बरा हाय.

मी पुढं पुण्याला गेले. तिथं गाड्यांमधल्या कॉम्प्युटरचं काम करते. एका गाडीत ते किती तरी असतात, ब्रेकचा वेगळा, इंजिनचा वेगळा, आणि एकमेकांशी बोलत असतात. मी ज्या टीममध्ये आहे तिचं काम एवढंच, कुणाच्याही एकट्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही. एक म्हणतो चाक फिरतंय, तर दुसऱ्याला विचार, तिसऱ्याला विचार, तिघांचं जुळलं तर मान. मीटिंगमध्ये लोक म्हणतात, बाई फार संशयी आहेत. असू दे. शनिवारी कोल्हापूरला फोन केला की आबा म्हणायचे बरा हाय, आणि मी फोन ठेवायची. तिथं मी कुणा दुसऱ्याला विचारलं नाही. आईला विचारलं असतं तर तीही तेच म्हणाली असती, कारण तिलाही त्यांनी तेच सांगितलेलं होतं.

शेवटी ऑक्सिजन लागला. सरकारी दवाखान्यातल्या खाटेवर त्यांना बसवून ठेवावं लागायचं, आडवं झालं की श्वास अडायचा. छातीत काय आहे ते डॉक्टरांनी आईला तेव्हा सांगितलं. ती ऐकून खाटेजवळ आली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बरं हाय न्हवं?" मास्कमुळे त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी हात वर केला आणि बोटं हलवली. आई म्हणाली, "बरं." आणि त्यांची बोटं हातात धरून बसली. दुसऱ्या दिवशी ते गेले.

त्यानंतरच्या बुद्धपौर्णिमेला मी घरी होते. वस्तीतल्या बायका आईला विहाराच्या अंगणात रांगोळी काढायला बोलवायला आल्या. त्या खंडेनवमीपासून आईनं रांगोळी काढलेली नव्हती. गुडघे दुखतात म्हणायची, आणि आम्ही ते मानलं होतं. बायका दारात थांबल्या. आई फळीवरचा रांगोळीचा डबा काढायला आत आली आणि डबा हातात घेऊन तिथंच उभी राहिली.

"कोअर फुटल्या, नारळ पडला," ती हळू म्हणाली, बाहेर ऐकू जाऊ नये अशा बेतानं. "समदी तिकडं पळाली. आन् तुजं आबा गोनपाट घिऊन माजी रांगोळी पुसत हुतं. मला तवाच कळलं."

इतकी वर्षं आम्ही दोघांनी तिच्यापासून लपवलं होतं आणि तिनं ते आमच्यापासून लपवलं होतं.

"त्येंनी एवढं खोटं सांगिटलं माज्यापायी, मग मी त्येच खरं धरलं," ती म्हणाली. "पर आता येक खरं सांग. मी तितंच म्हटलं असतं, की मालक, माज्या रांगोळीनं झालं, तर ती खोली दिली असती न्हवं तुज्या आबास्नी?"

दिली असती. मालक माणूस वाईट नव्हता. क्षणभर बघत राहिला असता, मग हसला असता. गाड्यांत काही बिघाड नव्हता, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? दसऱ्याला पुन्हा चालवल्या असत्या. आबांनी त्या खिळ्याला टोपी अडकवली असती.

"न्हाय गं आई," मी म्हणाले. "बॅटरीच उतरली हुती."

ती माझ्याकडे बघत राहिली. माझी नजर मी हलू दिली नाही.

"व्हय," ती म्हणाली. "बॅटरीच असंल." मग ती दारात गेली आणि रांगोळीचा डबा त्या बायकांना देऊन टाकला.